निकालाबाहेरच्या मुली

हातात घेतलेला पेढा परत ताटात ठेवायला तुम्हाला कधी कुणी सांगितलंय का?

मला सांगितलंय. शनिवार पेठेतल्या आमच्या मुलींच्या शाळेत, दहावीच्या निकालाच्या दिवशी. फाटकावर नवा फ्लेक्स होता: निकाल शंभर टक्के. व्हरांड्यात टेबल, टेबलावर स्टीलचं ताट, ताटात पेढे. ताटामागे मुख्याध्यापिका. आम्ही सगळ्या त्यांना मोठ्या बाई म्हणायचो.

मी धावत गेले होते. मीही पास झाले होते. सायबर कॅफेतून काढलेला मार्कांचा कागद घामाने मऊ पडला होता. वैदेही, माझी वर्गातली मैत्रीण, तिने माझ्या हातात पेढा ठेवला. मी तो तोंडाकडे नेत होते.

"थांब," मोठ्या बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. त्या कधीच चढवत नसत. "अभिनंदन हं तुझं. पण हे पेढे शाळेच्या निकालाचे आहेत. तू आता शाळेची नाहीस."

मागे कुणीतरी हसलं. "सतरा नंबर," दुसरी पुटपुटली.

मी पेढा परत ठेवला. त्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. बाईंनी तो पेढा ताटातून उचलला आणि बाजूला, कागदावर ठेवला. मग पुढच्या मुलीकडे बघून हसल्या.

सतरा नंबर म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शाळा सुटलेल्या मुलांना दहावीची परीक्षा बाहेरून देता यावी म्हणून सतरा नंबरचा अर्ज असतो. चांगली सोय आहे. कामावर जाणाऱ्या पोरांना तिचा आधार आहे. पण निकाल शंभर टक्के लावायचा असेल तर तीच सोय शाळेच्या कामाला येते. नववीनंतर कच्च्या वाटणाऱ्या मुलीच्या हातात दाखला द्यायचा. बाहेरून बस म्हणायचं. पास झाली तर तिचं नशीब. नापास झाली तर शाळेचं काहीच जात नाही.

मी नववी पास होते. हे नीट वाचा. गणितात कशीबशी, पण पास.

मे महिन्यात आईला बोलावणं आलं. आम्ही नदीकाठच्या वस्तीत राहायचो, आई पेठेत चार घरी पोळ्या लाटायची. कणकेचे हात धुऊन तशीच आली. बाईंच्या खोलीत टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. दोन्ही रिकाम्या. बसा, असं कुणी म्हणालं नाही. आई उभी. मी तिच्या मागे.

"हिला दहावी झेपायची नाही," बाई म्हणाल्या. "बाहेरून बसू दे. तुम्हालाही कामात मदत होईल."

"बाई, पण पोरगी पास हाय न्हवं?"

"पास आहे हो. पण शाळेचा एक दर्जा असतो. नदीकडच्या मुली दहावीत रखडतात, हा आमचा अनुभव आहे. घरी कुणी बघणारं नसतं. आणि तुमच्यात लग्नंही लवकर होतात."

बघणारी समोर उभी होती.

अर्ज तयार होता. शाळा सोडण्याचं कारणही लिहून ठेवलेलं: घरगुती अडचण. आईला सही मीच शिकवली होती, माझ्या दुरेघी वहीत. सही करताना तिची जीभ ओठाच्या कोपऱ्यात यायची. त्या दिवशीही आली. स्वतःच्या पोरीला शाळेतून काढायच्या कागदावर तिने सुवाच्य सही केली.

आमच्या वर्गात एक मुलगी होती. गणितात तिला माझ्याहून कमी मार्क होते. आम्ही दोघींनी पेपर शेजारी ठेवून बघितले होते. तिचे वडील संस्थेच्या कार्यकारिणीवर. तिला शनिवारी जादा तास मिळाला. मला दाखला. त्या वर्षी सतरा नंबरला पाठवलेल्या आम्ही सगळ्या नदीकाठच्या वस्तीतल्या. पेठेतली एकही नाही. कच्चेपणाही पत्ता बघून येतो की काय?

ते वर्ष मी वस्तीतल्या समाजमंदिरात काढलं. सकाळी आईबरोबर काम, दुपारी अभ्यास. तिथे वस्तीतले काही दादा पत्रकं काढायचे. नळासाठी, ड्रेनेजसाठी. घड्या घालायचं काम माझं. घालता घालता वाचायचे. एका पत्रकावर मोठ्या अक्षरांत एवढाच प्रश्न होता: टँकर आपल्या वस्तीच्या नावावर निघतो, मग पाणी जातं कुठं? तोवर मला वाटायचं, पाणी येत नाही म्हणजे येत नाही. मधे कुणी ते वळवत असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं.

पेढा ठेवून घरी आले त्या दिवशी तो प्रश्न अंगावर आला. वर्षभर मी स्वतःला ढ समजत होते. फ्लेक्सवर सगळ्या मुली हसत होत्या. आकडा शंभर. मग आम्ही गेलो कुठं?

गेल्या महिन्यात मोठ्या बाई वारल्या. वैदेहीचा फोन आला. ती आता आयटीत आहे.

"अगं, बाईंची स्मृतिसभा आहे शाळेत. तू पेपरात वगैरे लिहितेस. दोन शब्द बोल ना. स्ट्रगल करून वर आलेली एक तरी स्पीकर हवी, असं कमिटी म्हणतेय."

"मी शाळेची आहे का?"

"म्हणजे काय! नाव काढलंस शाळेचं."

पास झाले तेव्हा शाळेची नव्हते. आता आहे. मी फोन ठेवला. जायचं नाही असं ठरवून टाकलं.

संध्याकाळी शेजारच्या संगीताताई आल्या. त्यांची पूजा त्याच शाळेत. नुकतीच नववी पास झालेली. ताई दारातच उभ्या राहिल्या. "सोमवारी सही करायला बोलावलंय गं. सतरा नंबर चांगला असतो का?"

मी वैदेहीला कळवलं: येते.

सभा रविवारी होती. व्यासपीठावर बाईंचा हार घातलेला फोटो. मागे फ्लेक्स: शंभर टक्क्यांच्या शिल्पकार. एकेक जण उठून बोलत होता. बाईंनी आयुष्यात खासगी शिकवणी घेतली नाही. शिपायाच्या आधी शाळेत यायच्या. मैदानातले कागद स्वतः वाकून उचलायच्या. ताप आलेल्या मुलीला स्वतः रिक्षाने घरी सोडायच्या. खोटं कुणीच बोलत नव्हतं. यातलं बरंच मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून तर जास्त राग येतो. दुष्ट बाई असती तर विसरले असते. ही बाई प्रामाणिक होती, कष्टाळू होती, आणि तिने आम्हाला मोजलं नाही.

संस्थेचे एक वयस्कर पदाधिकारी म्हणाले, "बाईंच्या कारकिर्दीत या शाळेची एकही मुलगी नापास झाली नाही." स्मृतिसभेत टाळ्या वाजवत नाहीत. पण वाजल्या.

मग माझं नाव पुकारलं.

"मी बाईंची विद्यार्थिनी," मी म्हणाले. "नववीपर्यंत. पास असताना मला बाहेर काढलं. माझ्याबरोबर अलका होती. ती आता या पेठेत भांडी घासते. रेश्मा होती. ती परीक्षेला बसलीच नाही, तिचं लग्न लावलं. या शाळेत कुणी नापास झालं नाही, हे खरं आहे. नापास व्हायलासुद्धा शाळेत असावं लागतं. तेव्हा बाईंचा गौरव करताना आम्हालाही त्यात धरा. हे शंभर टक्के आमच्यामुळे झाले. आम्ही गेलो म्हणून झाले. आणि उद्या वस्तीतल्या आणखी एका पास झालेल्या मुलीच्या आईला सहीला बोलावलंय."

पहिल्या रांगेतून एक आवाज: "बोलायला उभं केलं की हे असं होतं."

आताचे मुख्याध्यापक उठले. "गेलेल्या माणसाबद्दल कसं बोलावं, एवढं तरी आमच्या शाळेत शिकवलं असेलच तुम्हाला."

"नववीपर्यंतच होते मी, सर," मी म्हणाले. "दहावीत शिकवत असतील."

माइक बंद झाला. मी खाली उतरले.

चहाच्या वेळी वैदेही जवळ आली. "खरं असेल गं. पण आजच्या दिवशी नको होतं." मी तिला पेढ्याची आठवण करून दिली. तिला काहीच आठवत नव्हतं. मला त्यावरचा माझा अंगठा अजून दिसतो.

सोमवारी आम्ही गेलो. संगीताताई, पूजा आणि मी. तीच खोली. टेबलासमोर दोन खुर्च्या, दोन्ही रिकाम्या. भिंतीवर आता मोठ्या बाईंचा फोटो. कुणी बसा म्हणायची वाट मी पाहिली नाही. संगीताताईंना एका खुर्चीवर बसवलं. दुसरीवर पूजाला. मी मागे उभी राहिले.

सरांनी अर्ज पुढे सरकवला. कारण लिहिलेलं होतं: घरगुती अडचण. इतक्या वर्षांत कारणसुद्धा बदललं नाही. मी ते संगीताताईंना मोठ्याने वाचून दाखवलं.

संगीताताईंनी पेन घेतलं. मग त्यांनी ते परत टेबलावर ठेवलं.

"सर, आमच्या घरात काय अडचण न्हाई."

"अहो, ती फक्त पद्धत आहे लिहायची."

"मग खरं कारण लिवा. मी वाचून घेते आन् सही करते."

सरांनी अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला. "नीट विचार करून शुक्रवारी या," म्हणाले. पूजाचं नाव अजून पटावर आहे. शुक्रवारी आम्ही पुन्हा जाणार. विचार करून झालेला आहे.

मोठ्या बाईंच्या फोटोला मी फूल वाहिलेलं नाही. अलका आणि रेश्मा त्या शंभरात मोजल्या जात नाहीत, तोवर वाहणार नाही. कुणी मला कृतघ्न म्हणालं तर खुशाल म्हणू दे.

तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या रस्त्यावरच्या शाळेच्या फाटकावर शंभर टक्क्यांचा फ्लेक्स लागेल. त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. आत जा. विचारा: गेल्या वर्षी नववीत किती मुलं होती? त्यातली दहावीला शाळेतून किती बसली? उरलेली कुठं आहेत, नावानिशी सांगा. ते म्हणतील, नंतर या. तेव्हा उभं राहू नका. समोरची खुर्ची ओढा आणि बसा.