मिनिटाला एकदा बटण

रेल्वे इंजिनच्या केबिनमध्ये आम्ही दोघंच, ड्रायव्हर आणि असिस्टंट. आवाज एवढा, की सिग्नलचा रंग सोडून दुसरं काही बोलायची सोय नाही. मग दिवसभराचं तुंबलेलं बोलणं भुसावळच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्युटीनंतरच्या मुक्कामाच्या जागी, शेवभाजीच्या ताटावर बाहेर पडतं. असे किस्से साठत जातात आणि दर जेवणाला थोडे फुगतात. खालचे मात्र मी फुगवलेले नाहीत. फार तर एखादा.

*

आमचे ड्रायव्हर नाना अमळनेरजवळच्या खेड्यातले. मी असिस्टंट म्हणून त्यांच्याच शेजारी बसून तयार झालो. त्यांची सुरुवात पटाख्यांच्या काळातली. तापीकाठी धुकं पडलं की सिग्नलच्या अलीकडे एक माणूस रुळावर पटाखा बांधायचा. चाकाखाली तो फुटला की ड्रायव्हरने समजायचं, सिग्नल जवळ आला, हळू घ्या.

पुतण्याच्या लग्नात नवरदेवाची जीप नाना चालवत होते. वऱ्हाड्यांनी समोर लड लावली. पहिला बार झाला आणि नानांनी करकचून ब्रेक मारला. नवरदेवाचा फेटा डॅशबोर्डवर. "सिग्नल दिसल्याशिवाय पुढे जाता येत नाही," नाना अगदी गंभीरपणे म्हणाले. बँडवाल्यांनी तिथेच दोन गाणी जास्तीची वाजवली. शेवटी नवरीच्या मामाने मांडवाच्या दारातून हिरवा रुमाल हलवला, तेव्हा वरात हलली.

*

सिग्नल दिसला की दोघांनीही हात वर करून त्याचा रंग मोठ्याने म्हणायचा, हा आमचा नियम. सवय अशी लागते की सुटत नाही. जळगावात बायको स्कूटी चालवत होती, मी मागे. चौक आला तसा मी हात वर करून ओरडलो, "पिवळा!"

बाजूचा रिक्षावाला दचकला. बायकोने मागे न बघताच विचारलं, "मागे बसून सिग्नल सांगायचा तुला पगार मिळतो का?"

"मिळतो," मी म्हणालो. खोटं कशाला बोलायचं?

*

मग केबिनमध्ये मशीन आलं. मिनिटभर ड्रायव्हरने कशालाच हात लावला नाही, तर त्याला शंका येते की माणूस झोपला. आधी दिवा लुकलुकतो, मग बझर बोंबलतो, आणि तरीही कोणी दाद दिली नाही तर गाडीला आपोआप ब्रेक लागतो. ते टाळायला बटण दाबत राहायचं. हॉर्न वाजवला तरी त्याचं समाधान होतं.

चाळीसगावचे ड्रायव्हर रफिकभाई बटणाला कंटाळले आणि हॉर्नच वाजवू लागले. मिनिटाला एक, थेट जळगावपर्यंत. वाटेतल्या फाटकावरच्या गेटमन आबांना वाटलं, हा माणूस रोज आपल्याला सलाम करतो. त्यांनी एकदा गाडी उभी असताना वांग्यांची पिशवीच वर दिली. रफिकभाईंना काहीच उलगडा झाला नाही, पण भरीत झकास झालं.

*

नानांना मात्र बटणाचा फार अभिमान. "माझ्या गाडीला मशीननं कधीच ब्रेक लावला नाही," हे ते ओळख झालेल्या प्रत्येकाला सांगत. असंच रिटायर व्हायचं, एवढी एकच हौस त्यांना होती.

त्यापायी घरच्यांचे हाल. टीव्ही बघताना हातात रिमोट असला की मिनिटाला एकदा अंगठा दाबला जायचाच. सासू सुनेवर हात उगारते न उगारते तोच कापसाचे बाजारभाव सुरू. शेवटी अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यांना सेल काढलेला एक जुना रिमोट दिला. आता दोघंही सुखात आहेत.

*

अलीकडे आणखी नवी यंत्रणा आली. पुढचा सिग्नल केबिनमधल्या पडद्यावरच दिसतो, आणि ड्रायव्हर चुकला तर गाडी स्वतःच थांबते. ट्रेनिंगमध्ये मास्तर हे रंगवून सांगत होते. नानांनी हात वर केला. "मग साहेब, मी कुठे बसू?"

"खिडकीत बसा नाना," रफिकभाई म्हणाले, "हवा खा."

*

नानांची शेवटची फेरी मालगाडीवर होती. शेजारी मी, मागे इन्स्पेक्टर साहेब. दुपारचं स्वच्छ ऊन, सगळे सिग्नल हिरवे. अमळनेर गेलं आणि नाना जागेवरून उठून खिडकीशी उभे राहिले. त्यांचं शेत रुळाला लागून आहे, पण ते अजून बरंच लांब होतं.

दिवा लुकलुकला. "नाना, दिवा," मी म्हणालो. बझर सुरू झाला. "नाना, बटण!" एवढ्या वर्षांचा अभिमान माझ्या डोळ्यांदेखत जाणार होता. त्यांचे दोन्ही हात खिडकीच्या कडेवर होते. ते त्यांनी उचलले नाहीत.

ब्रेक लागला. भरलेली मालगाडी, ती काय लगेच थांबते? कुरकुरत, कण्हत, बरीच पुढे घासत गेली आणि उभी राहिली. इंजिन नेमकं नानांच्या बांधावरच्या निंबाखाली. तिथे अक्का नवं लुगडं नेसून उभ्या होत्या. लग्नापासून ही बाई त्या बांधावरून धावत्या इंजिनाला हात करत आली होती.

त्यांनी मान वर करून, पायाखालच्या बांधाकडे बोट दाखवत अहिराणीत विचारलं, "हाई गाडी आठे बी थांबस का?"

इन्स्पेक्टर साहेब पुढे झाले. "नाना, काय झालं? झोप लागली?"

नानांनी खिडकीबाहेरची नजर हलवली नाही.

"साहेब, हाई मशीन चालू शे का नही, इतला वरीस कोनी देखंच नव्हतं. आज देखी लिधं."