नसीमआपांचं बीजगणित

आमच्या वडाळ्याच्या जुन्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या नसीमआपा गेल्या, हे त्यांच्या मुलाच्या, इम्रानच्या फोनवरून कळलं. मी सिन्नरला, दवाखान्याच्या काउंटरवर होते. समोर रांग होती. "हो, येते," एवढंच म्हणाले आणि पुढच्या पेशंटचं नाव लिहून घेतलं. ही नोकरी आपांमुळे मिळाली, हे लिहिता लिहिता आठवलं.

चौतिसाव्या वर्षी मी बाहेरून दहावीला बसले. नोकरीसाठी दहावी पास हवं होतं आणि गणित मला बापजन्मात जमलं नव्हतं. "दुपारी येत जा," आपा म्हणाल्या. त्या मालेगावच्या, साड्यांना फॉल-पिको करायच्या. मी बहुपदीचे अवयव पाडायचे आणि त्यांनी मशीनवरून मान वर न करता म्हणायचं, "आता कंस गुणून दाखव." गुणाकारातून मूळ गणित परत आलं तरच बरोबर. मला या प्रकाराचा भयंकर राग यायचा.

एकदा त्यांनी वहीत लिहून दिलेलं गणित दोन दिवस सुटेना. शेवटी गाइडमधलं उत्तर उतरवून नेलं. कंस गुणले, तर शेवटी वजा चौदा आले. वहीत आपांच्या अक्षरात अधिक चौदा! आपांनी मशीन थांबवलं, पुस्तक उघडलं. चिन्ह त्यांनीच चुकीचं उतरवलं होतं. "गलती माझी, बेटा. माफ कर." मी सुटले म्हणते तोच त्या म्हणाल्या, "पण अधिक चौदा घेतले तर याचे अवयव पडतच नाहीत. मग हे उत्तर तू आणलंस कुठून?" दोघीही पकडल्या गेलो होतो. पोट दुखेपर्यंत हसलो. गाइड मात्र त्यांनी काढून घेतलं, ते परीक्षा होईपर्यंत परत दिलं नाही. गणितात मी काठावर पास झाले.

आपा पूर्वी शाळेत शिकवत असणार, असं मी धरूनच चालले होते. त्या गेल्यावर महिन्याभराने पुन्हा भेटायला गेले तेव्हा इम्रानला तसं म्हटलंही. 

"अम्मी? ताई, अम्मी सातवीपर्यंतच शिकली होती. तुम्हाला शिकवायचं म्हणून आदल्या दिवशी माझ्याकडून शिकून घ्यायची. मी वैतागायचो तिच्यावर."

त्याने कपाटातून एक वही काढली. सगळी माझीच गणितं, पानोपानी खाडाखोड. पहिल्या पानावरचं गणित त्यांना सातव्यांदा सुटलं होतं. मला त्यांनी ते एका दमात समजावलं होतं. "सोपं असतं," म्हणाल्या होत्या.