हनुवटी कुणासारखी

माझ्या तोंडातून शब्द काढायचा तर सांडशी लागते, असं बायको आल्यागेल्याला हसत सांगते. खोटं नाही ते. म्हणूनच पुण्याहून आलेल्या त्या मुलीपुढं मी एवढा कसा बोललो, याचं मलाच नवल वाटलं.

जन्मताच मूल गेलेल्या आईबापांवर तिचा अभ्यास चालू होता. औंढ्यात आमच्या पडवीत बसून चहा घेतला आणि म्हणाली, "काका, तुमचं बोलणं काकूंनाही सांगणार नाही. त्रास झाला तर थांबू."

त्रास कसला, मी घडाघडा बोललो. आमची थोरली लेक झाली आणि गेली, तेव्हा बायको शुद्धीवर नव्हती. पुरायला नेण्याआधी मी कापड बाजूला केलं. दाट जावळ, लांब नखं आणि हनुवटी थेट बायकोची. पुढं बायकोनं विचारलं, तेव्हा "म्या बघितलंच न्हाई" म्हणून मोकळा झालो. तिला आणखी दुःख नको म्हणून. आणि खरं सांगायचं तर, तिच्यासमोर रडू फुटेल म्हणून. या मुलीपुढं मात्र रडलो, आणि फार हलकं वाटलं.

मग ती आत बायकोशी बोलायला गेली. मला लांब जायला सांगितलं होतं, पण मी पडवीतच बसून राहिलो. खिडकीतून ऐकू येत होतं.

"बाळ कुनीच बघितलं न्हाई बगा. मी शुद्धीत नव्हते, आनि ह्यांचा जीव धजावला न्हाई. लय हळवे हायेत."

मुलीनं पुढचाच प्रश्न विचारला. तिनं शब्द पाळला. माझ्याच घरात एक परकी मुलगी माझं खोटं सांभाळत होती, आणि बायको माझी बाजू घेत होती. मघाचं हलकेपण कुठल्या कुठं गेलं. मला मान वर करवेना.

मुलगी गेल्यावर आत जाऊन सगळं सांगितलं. तांदूळ निवडणारा बायकोचा हात थांबला.

"मंजी मी बोलत व्हते तवा तिला समदं ठावं व्हतं?"

"व्हय."

"आनि तुमी भाईर बसून ऐकत व्हता."

मी खाली बघत राहिलो. तिनं तांदळाचं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "हनुवटीचं परत सांगा."

मी वर पाहिलं. त्या मुलीला सहज सांगितलेलं तेवढं एक वाक्य, समोर ती हनुवटी असताना, मला पुन्हा सांगता येईना.