ड्राफ्टच्या आदल्या वर्षी

शनिवारी सकाळी आखातातल्या आमच्या सलमानियाच्या फ्लॅटमध्ये पोह्यांचा वास आणि टीव्हीवर ऑस्ट्रेलियातल्या पोरींची मॅच, हे दोन वर्षं चाललं. मॅच लावणारी मी. नवरा गॅलरीत कपडे वाळत घालायचा, पोरगी सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन मोबाइलमध्ये, आणि मी हातात उलथनं घेऊन टीव्हीसमोर उभी.

"अगं बघ, बघ ती लाल केसांची! काय उडी मारली! तू मारतेस का अशी?"

"मारते, मम्मी."

"मग काल कोण मान खाली घालून उभं होतं मैदानात?"

ह्यावर ती पुन्हा मोबाइलमध्ये. पोहे मात्र संपवायची.

हा खेळ मला तरी कुठे माहीत होता! अकोल्यात आम्ही खो-खो खेळलो, फार तर कबड्डी. चेंडू लंबगोल, मैदानही लंबगोल, आणि नाव म्हणे फुटबॉल. हातात घेऊन पळायचं, मुठीने ठोसा मारून दुसरीकडे द्यायचा, नाहीतर लाथ मारून लांब उडवायचा, आणि वरून येणारा चेंडू दुसरीच्या खांद्यावर चढून झेलायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं मारामारीच सुरू झाली. माझी आई फोनवर म्हणाली, "पोट्टीच्या टांगा मोडशीन बापा तू! काहून असं येड्यावानी करते?" मी म्हटलं, आई, तू गप बस.

सुरुवात झाली ती शाळेच्या स्पोर्ट्स डेला. तिथे एक ऑस्ट्रेलियन बाई आली होती. इथे राहणाऱ्या ऑस्ट्रेलियन लोकांच्या पोरांना ती झल्लाकच्या रस्त्यावर एका मैदानात शुक्रवारी खेळवायची. आमची पोरगी रिलेत धावली आणि बाई सरळ माझ्याकडेच आली. हिला शुक्रवारी पाठवा, म्हणाली. पाठवलं. पहिल्या दिवशी पोरगी गुडघे खरचटून आणि दात काढून हसत घरी आली. तिला तो खेळ मनापासून आवडला होता, हे खरं आहे, त्यात मी काही घातलेलं नाही.

पुढचं मात्र मी घातलं. त्या कोचबाईने एक दिवस मला सांगितलं की तिकडे अठराव्या वर्षी मोठे क्लब पोरी निवडून घेतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. पगार, शिक्षण, सगळं. पण निवडणारे लोक खरं बघतात ते आदल्या वर्षी. कोण कशी खेळते, कोण वाढतेय, कोण दमते, हे त्या वर्षात ठरतं. आणि तुमची पोरगी, ती म्हणाली, तिकडे असती तर लोकांनी आत्तापासून तिच्यावर डोळा ठेवला असता.

मला त्या रात्री झोप लागली नाही. लोक म्हणतील हिला हाव सुटली. सुटली असेल. पण ज्यांच्या डोक्यावर व्हिसाची तारीख लटकलेली असते ना, त्यांना विचारा. इथे आपण पाहुणे. नवऱ्याची कंपनी आहे तोवर आपण आहोत. पोरगी इथेच जन्मली, पण शाळा संपली की तिचं इथे काय? माझ्या बापाने मला अकोल्यातून मुंबईला होस्टेलवर पाठवलं, एक्स-रे-एमआरआयचं शिकायला. तेव्हा अख्खी गल्ली हसली होती. पोरीला मशीन शिकवतो म्हणे! मी महिनाभर उशीत तोंड खुपसून रडले, आणि त्यानंतर आयुष्यात कोणापुढे हात पसरला नाही. म्हणून पोरींच्या रडण्याला मी फार भाव देत नसे.

तर मी त्या पोरींच्या मागे लागले. तिकडच्या, आमच्या पोरीच्या वयाच्या. कोचबाई मला व्हिडिओ पाठवायची, आणि शनिवारी पर्थला दुपार असते तेव्हा आपल्याकडे सकाळ, म्हणून मॅच बघायला सोयीचं. एक लाल केसांची, एक डावखुरी, एक शेतावर वाढलेली धिप्पाड पोरगी, जी कोणाला धडकली की समोरची आडवीच व्हायची. त्यांची नावं मला नीट उच्चारता यायची नाहीत, पण कोण कधी थकते, कोण डाव्या बाजूला वळायला घाबरते, हे मी सांगू शकले असते. दहावीच्या मेरिट लिस्टकडे आया जशा बघतात तशी मी त्यांच्याकडे बघायचे. डावखुरीच्या घोट्याला लागलं तेव्हा मी नवऱ्याला ओरडून सांगितलं, "अहो, ती सहा आठवडे बाहेर!" त्याने हातातली चादर खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

"बरी आहेस ना?" तो म्हणाला. "कोणाची तरी पोरगी आहे ती."

"मला माहीत आहे."

"उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसं चाललंय तुझं. अजून कशात काही नाही."

माझा नवरा ऑफिसात कागदपत्रं सांभाळतो, स्वभावही तसाच, प्रत्येक गोष्ट आधी फायलीला लावून मग बोलणार. मी त्याला म्हटलं, तुमच्या भरवशावर बसलो तर पोरगी इथेच सुपरमार्केटच्या काउंटरवर बसेल. हे मी पोरीच्या देखत म्हटलं.

बुद्धवंदनेला महिन्यातून एकदा आम्ही जमतो, तिथे बायका विचारायच्या, "एकटीला एवढ्या लांब? तेही पाय उघडे टाकून खेळायला?" मी त्यांना असं काही सुनवायचे की त्या खिचडीच्या ताटात बघत राहायच्या. पोरगी बाजूला उभी असायची. मला वाटायचं, माझी बाजू घेऊन आई भांडते म्हणून तिला बरं वाटत असेल.

मग पर्थच्या एका क्लबने खरंच विचारलं. वर्षभर तिकडे राहायचं, एका खेळाडूच्या कुटुंबात, शाळाही तिकडेच, आणि ड्राफ्टच्या आदल्या वर्षात सगळ्यांच्या नजरेसमोर खेळायचं. आधी व्हिडिओ कॉलवर बोलणं होणार होतं. मी नवऱ्याला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. आणि काय सांगू, अगदी मुलगी बघायला आल्यासारखं! तिची उंची किती, आमची किती, घरात कोण उंच होतं, हाताचा पंजा दाखव, आजार काही? नवरा पाच फूट पाच आहे, मी म्हटलं पाच सात. तो खुर्चीत आपोआप ताठ बसला.

शेवटी क्लबच्या बाईने पोरीला विचारलं, घरापासून लांब राहायला जमेल ना?

पोरीने माझ्याकडे बघितलं. क्षणभरच. "तिला काही प्रॉब्लेम नाही," मी म्हणाले, "शी इज व्हेरी स्ट्राँग." बाई हसली, पोरगीही हसली. कॉल संपल्यावर मी साजूक तुपातला शिरा केला.

जायला दोन महिने राहिले होते तेव्हा शुक्रवारच्या प्रॅक्टिसला ते झालं. मी मैदानाच्या कडेच्या दोरीला टेकून उभी होते. पोरीने चेंडू हवेतच झेलला, इतका सुंदर की बाजूच्या एका बापाने शिट्टी मारली, आणि खाली येताना तिचा पाय जमिनीवर टेकला आणि वरचं शरीर भलतीकडेच वळलं. कोणी तिला शिवलंसुद्धा नव्हतं. ती ओरडली नाही. नुसती बसली आणि दोन्ही हातांनी गुडघा धरला. मी दोरीखालून पळत गेले, चप्पल तिथेच राहिली. कोचबाई बर्फ घेऊन आली. तिचं तोंड उतरलं होतं.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण आमचं तर एकच, आणि तेही हातातोंडाशी घास आल्यावर. त्या रात्री मी देव मानत नसूनही कोणाकोणाला शिव्या घातल्या. मैदानाला, बुटांना, झेल घ्यायला सांगणाऱ्याला. नवरा पोरीच्या पायाखाली उशा लावत बसला होता. "मुरगळला असेल गं, नुसता मुरगळला असेल," मीच मला सांगत होते.

दुसऱ्या दिवशी माझ्याच दवाखान्यात तिचा एमआरआय लावला. माझा कामावरचा जोडीदार केरळचा मुलगा, तो म्हणाला, दीदी, मी करतो, तुम्ही बाहेर बसा. मी ऐकलं नाही. आमच्या कामात एक नियम असतो. टेक्निशियनने पेशंटला काही सांगायचं नाही, रिपोर्ट डॉक्टर देणार. आम्हाला पडद्यावर दिसत सगळं असतं, पण तोंडातून काढायचं नाही. रोज कोणीतरी टेबलावरून उतरताना विचारतं, सगळं ठीक ना सिस्टर? आणि मी म्हणते, डॉक्टर सांगतील, इंशाल्ला. इतकी वर्षं मी हे सहज म्हणत आले.

गुडघ्याच्या स्कॅनला पाय आत जातात, डोकं बाहेरच राहतं. काचेतून मला तिचं कपाळ आणि कानावरचे हेडफोन दिसत होते. मशीन ठकठक करायला लागलं. चित्रं यायला लागली. गुडघ्याच्या मधोमध एक काळी तिरपी दोरी दिसायला पाहिजे, ताणलेली. मी ती हजारो गुडघ्यांत पाहिली आहे. इथे तिच्या जागी पांढरी गिचमिड होती आणि खाली एक तुटकं टोक लोंबत होतं. तरी मी चित्रांचा पुढचा संच लावला, त्याच्या पुढचा लावला, म्हटलं दुसऱ्या बाजूने वेगळं दिसेल. नाही दिसलं. केरळच्या मुलाने माझ्यापुढे पाण्याची बाटली ठेवली आणि तो बाहेर गेला.

टेबलावरून उतरताना पोरीने काही विचारलं नाही. मी तिच्या हातात कुबड्या दिल्या.

कुबड्या घेऊन ती गाडीत मागच्या सीटवर आडवी बसली, पाय लांब करून. मला घरी जावंसं वाटेना. पूल ओलांडून मी बुसैतीनच्या समुद्राकडे गेले आणि पाण्याच्या तोंडाशी गाडी लावली. नवऱ्याला काय सांगायचं, क्लबला काय सांगायचं, ऑपरेशन इथे की भारतात, सगळं डोक्यात गरगरत होतं. मनात मी पर्थच्या बाईशी बोलणंसुद्धा जुळवत होते, की जागा ठेवा, पोरगी चिवट आहे.

"लिगामेंट तुटलंय," मी पुढे बघतच म्हणाले. "पूर्ण तुटलंय. डॉक्टरही हेच सांगतील. ऑपरेशन लागेल, आणि मग नऊ महिने, नाहीतर वर्ष. बाळा, यंदाचं तुझं पर्थ..." मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडले. मग डोळे पुसून मागे वळले.

पोरीने काचेला डोकं टेकलं होतं, डोळे मिटलेले. तिने लांब श्वास सोडला. मला वाटलं चक्कर आली.

"म्हणजे आता मला जावं नाही लागणार ना?" ती म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"नथिंग."

"नथिंग काय? बोल, काय म्हणालीस तू?"

"मला तिथे नव्हतं राहायचं, मम्मी. कोणाच्या तरी घरात. मला खेळायला आवडतं. इथे, फ्रायडेला. बस तेवढंच."

"मग बोलली का नाहीस? तोंड शिवलं होतं का तुझं?" मी ओरडलेच. पायाला प्लास्टिकची पट्टी बांधलेल्या पोरीवर मी ओरडले.

"बोलले होते. दोनदा. तू मॅच बघत होतीस."

मी आठवून पाहिलं. खरंच आठवेना. त्या लाल केसांच्या पोरीने कुठल्या मॅचला किती झेल घेतले ते मला सांगता आलं असतं. माझ्या पोरीने सोफ्यावरून काय सांगितलं ते डोक्यात कुठेच नव्हतं. मला इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना. पण तिने माझं तोंड बघितलं असणार, कारण लगेच तिचा आवाज बदलला, लहान मुलाला समजावतात तसा झाला.

"रडू नको ना, मम्मी. पाय बरा झाला की जाईन. प्रॉमिस. जाईन मी."

"काही जायचं नाही," मी म्हणाले. "खलास. विषय संपला. ऐकलंस का, कुठेही जायचं नाही."

"तू परत म्हणशील."

"नाही म्हणणार."

"म्हणशील. मला राग नाही आला. पण तू म्हणशील."

एवढ्यात डॅशबोर्डवरचा फोन वाजला. कोचबाई. स्कॅनचं विचारायला करत असणार. वाजत राहिला, आणि मी काही ठरवायच्या आधीच माझा हात तिकडे गेला. पोरगी मागून माझ्या हाताकडे बघत होती.

"घे ना," ती म्हणाली. "पुढच्या वर्षीचं विचार."