न्हाणीमागचं झाड

आत्याची तंबाखूची चंची आईनं न्हाणीमागं पुरली, ते मी पाहिलं होतं आणि तोंड मिटून बसले होते. माझी ही विधवा आत्या आमच्याकडेच असायची. पनवेलच्या डॉक्टरांनी तिला तंबाखू बंद सांगितली होती, आणि घरात कुठंही दडवली तरी ती वासावर शोधून काढायची. म्हणून सरळ खड्डा. शेवटचे आठ दिवस तिनं दुसरं काही मागितलं नाही. "चिमटीभर दे गो. चुना नको, तोंड भाजतं."

"उंदरानी नेली, बाय," आई म्हणायची. मागता मागताच आत्या गेली. तिची शेवटची आंघोळही न्हाणीमागंच घातली.

पावसाळा सरताना तिथं एक झाड वर आलं. बेलापुरात तेव्हा भातशेती आणि मिठागरं. असलं झाड कुणी पाहिलं नव्हतं. पानं हातभर, केसाळ आणि चिकट. हात लावला की बोट धरून ठेवायची. आमची शेळीसुद्धा हुंगून मागं सरायची.

"यो झार आपल्या गावचा नाय," शेजारीण म्हणाली आणि तिनं आमच्या परसातून जाणंच सोडलं. आईनं ते दोनदा छाटलं. दोन्ही वेळा बुडातून फुटलं, शिवाय बाजूला चार रोपं. दिवेलागणीला त्याची गुलाबी फुलं वास सोडायची, तेव्हा मी न्हाणीत एकटी जात नसे. सरळ सांगते, मला आत्याची भीती वाटत होती.

घाटावरून आलेले नवे गुरुजी एकदा वडिलांकडे आले आणि झाड पाहून हसले. "अहो, ही तंबाखू! बी अगदी धुळीएवढं असतं, चुऱ्यातही राहून जातं, कुठंही रुजतं. लावली कुणी?"

अख्खा गाव जन्मभर तंबाखू मळत आलेला, पण हिरवी कुणी पाहिली नव्हती.

"मीच," आई म्हणाली.

त्या संध्याकाळी तिनं बुडाचं वाळलेलं पान चुरून न्हाणीच्या दगडावर ठेवलं, सवयीनं शेजारी बोटभर चुनाही. "घे बाय. चुकले गो मी."

सकाळी दगडावर तंबाखू नव्हती. चुना होता तसाच होता. वाऱ्यानं नेली असेल, असं मी आजही सांगते. आई माझ्याआधी उठून तिथं उभी होती. तिनं दुसरं पान चुरून ठेवलं आणि चुना उचलून घेतला.