चिमूटभर मीठ जास्त

मोसंबीच्या रसात डाळिंबाचा रस ओतला, की तो लगेच मिसळत नाही. लाल रंग पेल्याच्या तळाशी जाऊन बसतो आणि सावकाश वर चढतो. आमचंही तसंच होतं. लग्नानंतर कितीतरी वर्षं आम्ही दोघं आपापल्या जागी अडून बसलो होतो.

मी चौथी शिकलेला, पण कुणाचं ऐकून घेतलं नाही. सरू, माझी बायको, तेवढी बोलायची. "अहो, साधा चहा येत नाही तुम्हाला, आणि तोरा बघा." मी म्हणायचो, "तू आहेस ना करायला."

आता ती अंथरुणाला खिळली आहे. बोलणं कमी होत होत थांबलंच. डॉक्टरांनी फळांचा पातळ रस द्यायला सांगितलं, तेव्हा मी सुनेला म्हणालो, "तू राहू दे, मी करीन."

रोज चमच्याने पाजतो. आंबट होवो, कडवट होवो, ती काही म्हणत नाही. नावं ठेवणारं माणूस गप्प झालं, की आपण केलेलं कसं झालंय तेच कळत नाही.

आज मी मुद्दाम मीठ जास्त घातलं. म्हटलं, आता तरी चिडेल. तिने माझ्याकडे बघत दिलेला प्रत्येक चमचा संपवला. तळाशी उरलेला घोट मी घेतला, तर तो घशाखाली उतरेना.