न चाखलेलं सार

मला माझ्या हाताचा फार गर्व होता. आता म्हातारपणी हे कबूल करायला काही वाटत नाही. तेव्हा कुणी म्हटलं असतं तर मी त्याच्याशी कडाकडा भांडले असते.

तंजावरचं राज्य खालसा होऊन इंग्रजांचा अंमल बसला, तशी दरबारची चाकरी सुटलेली काही मराठी घरं कुंभकोणास येऊन राहिली. त्यांतल्याच एका घरात मी सून म्हणून आले. सासू म्हणजे माझी सख्खी आत्या, वडिलांची थोरली बहीण. त्यामुळे लग्नानंतरही मी तिला आत्याच म्हणत राहिले आणि पूर्वीसारखी उलट उत्तरंही देत राहिले.

आमच्या गल्लीच्या टोकाला विठोबाचा मठ होता. कार्तिकातल्या द्वादशीच्या पारण्याचा स्वयंपाक आत्याच्या सासूपासून आमच्या घराकडे होता, आणि तो आत्या करी. आदल्या दिवशी निर्जळी एकादशी केलेली साठ-सत्तर माणसं ऊन चढायच्या आत पानावर बसत. द्वादशीला चिंच चालत नाही. हादग्याच्या पानांची भाजी, दह्यात कालवलेली आवळ्याची पच्चडी, भात, आणि मुगाचं मिरी-खोबरं लावलेलं सार. चिंच नसली की सगळी भिस्त मिठावर. आणि नैवेद्य होईपर्यंत त्यातलं काही चाखायचं नाही. चाखायचं कसलं, मुद्दाम वासही घ्यायचा नाही!

म्हणून आत्या मिठाची मूठ भांड्यावर धरून डोळे मिटी. "पांडुरंगा, तूच सांग," असं पुटपुटे आणि मग मीठ घाली. मला ते बघून हसू येई.

"आत्या, देव काय माप घेऊन बसलाय? डोळे उघडून घाल की."

"बरं गे," ती म्हणे, आणि पुढच्या भांड्यावर पुन्हा डोळे मिटी.

त्या वर्षी द्वादशीच्या तोंडावर तिची पाठ धरली. तिला वाकता येईना. शेजारच्या घरातल्या बायका पारणं आपल्याकडे घ्यायला टपलेल्या होत्या. मी तिला सांगितलं, "मी करते. मला कुणाला विचारावं लागत नाही." मठातल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पाट टाकून, अंगणाकडे तोंड करून ती बसून राहिली.

सगळं झकास चाललं होतं. भाजीला मीठ पडलं, पच्चडीला पडलं. मग चुलीनं दगा दिला. कार्तिकात आमच्याकडे पाऊस धो धो, लाकडं ओली. धुरानं डोळे चुरचुरले, फुंकून फुंकून जीव गेला, त्यात बाहेरून मठातले पुजारी दोनदा ओरडून गेले की तिथी सरत आली, नैवेद्य आणा. चूल पेटली, सार उकळलं, आणि मी हातात पळी घेऊन थबकले. साराला मीठ घातलं होतं का?

काही केल्या आठवेना. मिठाच्या मडक्यात डोकावले. त्यावरून काय कळणार, कपाळ! घातलेलं असेल आणि पुन्हा घातलं, तर उपाशी माणसांच्या पानात खारट सार. आमच्या घराचं पारणं गेलंच समजा, आणि तेही माझ्या हातून.

पळी तळहातापर्यंत गेली. एक थेंब. बघतंय कोण? आत्याची पाठ माझ्याकडे होती. पण तो थेंब जिभेला लागला असता तर विठोबाच्या पुढे माझं उष्टं गेलं असतं. मी पळी ठेवली, उंबऱ्याशी गेले आणि रडू लागले.

"आत्या, साराला मीठ घातलं की नाही, आठवत नाही."

"मज काय विचारतीस? मी तर इथं बसून होते. त्याज विचार."

"तो बोलणार आहे का?"

"न बोले तंवर घालू नको."

मी परत गेले. मूठ भरून साराच्या भांड्यावर धरली, डोळे मिटले. आवाज आला, देव बोलला, असलं काही मी सांगणार नाही. सार रटरटत होतं तेवढंच ऐकू आलं. पण त्या सकाळी पहिल्यांदाच माझी धांदल थांबली. मूठ मी पुन्हा मडक्यात सोडली, आणि सार जसं होतं तसं नैवेद्याला दिलं.

तुळशीपत्र घातलेला नैवेद्य परत आला, पुजाऱ्यांनी तो मोठ्या भांड्यांत मिसळला. आत्यानं हात पुढे केला. "आता प्रसाद झाला. घाल."

तिनं जिभेला लावलं. "अळणी गे," ती म्हणाली. "ठार अळणी."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. देवाला अळणी जेवू घातलं! आत्या मात्र हसत होती. "तो जेवला, त्यानं तोंड वाकडं केलं नाही. तू कां रडतीस? पाणी उकळ, त्यात मीठ विरघळव, आण ओत."

"प्रसादात मीठ?"

"त्याचं जेवण झालं. आता माणसांचं."

तेव्हाच मूठ घातली असती तरी काही बिघडलं नसतं, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण ते मला कुठे ठाऊक होतं? आता मी चाखून, निवांत मनानं मीठ घातलं. लोकांनी सार दोन-दोनदा मागून घेतलं, वर "आत्याबाईंचा हात" म्हणून वाखाणलं. एरवी माझ्या अंगाचा तिळपापड झाला असता. त्या दिवशी मी गुमान वाढत राहिले, आणि मला फार बरं वाटत होतं.

दुपारी आत्याच्या पाठीला तेल चोळताना मी विचारलं, "आत्या, तो सांगतो, हे तुला पहिल्यापासून ठाऊक होतं ना?"

"ठाऊक असतं," ती उशीत तोंड खुपसून म्हणाली, "तर इतकी वर्षं विचारलं असतं कशास? खाली चोळ, खाली."